भिंतीवरच्या कॉमिक्सची दोन दिवसांची कार्यशाळा: शाळेत बोलवावी का?

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. यंदा जानेवारीत आम्ही आठवी-नववीच्या 32 मुलांसाठी बाहेरगावच्या एका संस्थेची दोन दिवसांची कॉमिक्स कार्यशाळा घेतली. विषय होता आरोग्य आणि गावातले प्रश्न. तेव्हापासून डिचोली, पेडणे, सांगे इथल्या ओळखीच्या शिक्षकांचे फोन येताहेत. कशी झाली, पैसे किती घेतात, आम्ही बोलवू का? फोनवर निम्मंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. संस्थेचं नाव देत नाही. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे, पण एक गोष्ट फार चुकली आणि तिचा त्रास आमच्या एका मुलाला झाला. संस्थेचं नाव कळलं की शाळा कळेल, शाळा कळली की मूल कळेल.

आरोग्यावरची कॉमिक्स आमच्या शाळेला नवी नव्हती. स्टाफरूमच्या कपाटात गुळगुळीत कागदावर छापलेल्या रंगीत पुस्तिकांचे दोन गठ्ठे आहेत, अधूनमधून वरून येतात. त्यातली माहिती बरोबर असते, पाळीवरच्या पुस्तिकेची तर ओळन् ओळ मी तपासली आहे. पण तिच्यातली मुलगी फ्लॅटमध्ये राहते, तिला स्वतःची खोली आहे, आई लॅपटॉपवर काम करते. आमच्या मुली ती पुस्तिका दहा मिनिटांत चाळून परत देतात. त्यांच्या घरची न्हाणी, चुलीवरचा पाण्याचा हंडा, काजूच्या दिवसांत पहाटेच डोंगरावर गेलेलं सगळं घर, यातलं काहीच त्या चित्रांत नाही. ती गोष्ट त्यांना दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

या कार्यशाळेत मुलं कॉमिक्स वाचत नाहीत, काढतात. पद्धत जुनी आहे. वर्ल्ड कॉमिक्स इंडियाचे शरद शर्मा आणि फिनलंडचे लैफ पाकालेन यांनी ती गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवत रुजवली. आमच्याकडे आलेली संस्था वेगळी, पद्धत तीच. ए-फोर आकाराचे दोन कागद घ्यायचे, प्रत्येकावर दोन चौकटी आखायच्या. चार चौकटींत एक गोष्ट पुरी करायची. काळ्या पेनाने काढायची, झेरॉक्स मारायच्या, दोन कागद एकमेकांना चिकटवले की भिंतीवर लावण्याएवढं पोस्टर तयार. छापखाना नको, चित्रकार नको, रंग नको. आमच्या मुलांना पहिला धीर इथेच आला. चित्र चांगलं येणं गरजेचं नाही, काठीसारखी माणसं काढली तरी चालतील, असं प्रशिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवलं आणि मागच्या बाकांवरची चार मुलं पुढे सरकली.

खर्चाचं आधी सांगते, कारण पहिला प्रश्न तोच असतो. दोन प्रशिक्षक, एक ताई आणि एक सर, दोन दिवस, 9,000 रुपये. राहणं-जेवण आपल्याकडे. कागद, पेन्सिली, खोडरबर, काळी पेनं याचे आम्हाला साधारण 1,400 लागले आणि वाळपईच्या बाजारात झेरॉक्सचे आणखी 600 च्या आसपास. पालक-शिक्षक संघाने पैसे दिले. 32 मुलांत हे महाग नाही. त्यांची अट मात्र पक्की पाळा. 35 च्या वर मुलं घेऊ नका, आणि दोन्ही दिवस सलग द्या. मधे दुसरा तास घुसला की गोष्ट तुटते.

पहिला दिवस गोष्ट शोधण्यात जातो. दुपारपर्यंत कुणी पेन्सिल हातात घेत नाही. पाच-सहा जणांचे गट, प्रत्येक गटाने गावात दिसणारे प्रश्न सांगायचे, मग ज्याला जो विषय लागला त्याने त्यावर एकट्याने लिहायचं, दहा-बारा ओळी. मग त्या ओळींचे चार तुकडे. पहिल्या चौकटीत माणूस आणि जागा, दुसरीत अडचण, तिसरीत अडचण टोकाला, चौथीत शेवट. ऐकायला सोपं आहे. एका मुलीची गोष्ट अकरा चौकटींची झाली होती. तिला प्रशिक्षक ताईंनी एकच विचारलं, यातली कुठली चौकट काढली तर गोष्ट कळणार नाही? अर्ध्या तासात तिने सात चौकटी स्वतःच खोडल्या. निबंध शिकवताना मला इतक्या वर्षांत हे इतकं सरळ विचारता आलं नव्हतं, आता मी विचारते.

काही बारकावे त्यांनी फार छान शिकवले. फुग्यातला मजकूर आधी लिहायचा, मग त्याच्याभोवती फुगा काढायचा. मुलं उलटं करतात आणि शेवटचे दोन शब्द फुग्याच्या शेपटीत कोंबतात. डावीकडचा माणूस आधी बोलला पाहिजे. पेन्सिलने छाया देऊ नका, झेरॉक्समध्ये ती चिखलासारखी येते. कडेला बोटभर जागा सोडा, नाहीतर मशीन कड खातं.

भाषेवरून मात्र आमची चकमक झाली. प्रशिक्षक घाटावरचे. मुलांनी गोष्टी मराठीत लिहिल्या, पण फुगे सरळ कोकणीत भरले, कारण त्यांच्या घरातली माणसं बोलतात कोकणीत. सरांनी ते खोडून शुद्ध मराठी करायला सांगितलं. मी मधे पडले. आमच्याकडे पुस्तक, भजन, नाटक, वर्तमानपत्र मराठी आणि चुलीपाशी बोलणं कोकणी, यात मुलांना काही अडत नाही. आजी जर पुस्तकी मराठीत बोलायला लागली तर गावातलं कोण तिला आपली आजी म्हणेल? ताईंना लगेच पटलं. वरची पट्टी मराठीत, फुगे कोकणीत, दोन्ही देवनागरीत, असं ठरलं. गोव्यात ही कार्यशाळा घेणार असाल तर हे पहिल्याच चहाला सांगून टाका.

आता मुलांनी काय काढलं ते सांगते.

सगळ्यात जास्त, सात जणांनी, माकडताप घेतला. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटेल, सत्तरीतल्या माणसाला वाटणार नाही. गोव्यात या तापाची पहिली साथ आली ती इथेच, पाली गावात, 2015 मध्ये. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, त्याचं पुस्तकी नाव त्या जंगलावरूनच आहे. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो, आणि गोचिडीचे दिवस नेमके काजूचे दिवस. वाळक्या पानांतून बोंडू आणि बी वेचणाऱ्या बायामुलांच्या पायाला ती चिकटते. गेल्या वर्षी हा धडा मी फळ्यावर पूर्ण शिकवला होता, परीक्षेत मुलांनी उत्तरंही बरोबर लिहिली होती. तरी सुट्टीत हीच मुलं हाफ पॅन्टमध्ये डोंगरावर दिसायची.

आठवीतल्या एका मुलाची गोष्ट अशी. पहिल्या चौकटीत तो आणि त्याची आजी बोंडू वेचताहेत, दोघं अनवाणी. दुसरीत वाटेवर मेलेलं माकड, मुलगा काठीने ढोसतोय. तिसरीत मुलगा अंथरुणावर, डोक्याला पट्टी. चौथीत आजी दारात उभी, हातात टॉवेल, मागे हंड्यातून वाफ, आणि कामावरून येणाऱ्या सगळ्यांना ती म्हणते, "पयलीं न्हा, मागीर जेव." त्या चार शब्दांत माझा निम्मा धडा आला. उरलेलं त्याने चौकटीखालच्या पट्टीत लिहिलं. डोंगरावर जाताना अंगभर कपडे आणि पायात बूट, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल हातापायाला, परत आल्यावर गरम पाणी आणि साबण, कपडे वेगळे धुवायचे, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिलीतली चित्रं घेऊन मुलांना बाहेर पाठवतात, शाळेशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवायला. काही समजावून सांगायचं नाही, फक्त त्याला काय कळलं ते ऐकायचं. हा भाग सोडू नका, वेळ कमी पडला तरी. आमची मुलं कदंबच्या बसथांब्यावर गेली. तिथे उभ्या असलेल्या एका बाईंनी दुसरी चौकट बघून विचारलं, माकड झोपलंय काय? मुलगा परत आला, माकड खोडलं, पुन्हा काढलं. या वेळी पाठीवर पडलेलं, पाय ताठ, वर चार माश्या. मी शेजारी उभी होते. माश्या काढताना त्याने जीभ दातांत धरली होती. चित्र कळलं नाही याचा दोष त्याने त्या बाईंना दिला नाही, हे मला फार आवडलं.

इथे एक चूकही सांगून ठेवते. नमुना म्हणून सरांनी फळ्यावर मोठी गोचीड काढली, सहा पायांची. मुलांनी तशीच उतरवली. गोचिडीच्या अगदी बारक्या पिल्लाला सहा पाय असतात खरे, पण मोठी झाली की आठ. मी सांगितल्यावर सगळ्यांनी दोन-दोन पाय वाढवले. चूक छोटी आहे, पण हे प्रशिक्षक गोष्ट आणि चित्र शिकवणारे लोक आहेत, आरोग्याची माहिती तपासणं त्यांचं काम नाही. ते शाळेने करायचं. विज्ञानाच्या शिक्षकाने किंवा आरोग्य केंद्रातल्या कुणीतरी दोन्ही दिवस खोलीत असायलाच हवं.

एचआयव्हीवर दोन मुलींनी काढायचं ठरवलं. प्रशिक्षकांनी त्यांना ठरावीक उदाहरणं दिली, सुई, रक्त, लग्नाआधीची तपासणी. मी त्यांना डॉमनिक डिसोझाची हकिकत सांगितली. आपल्याच गोव्याचा मुलगा. रक्तदान करायचा, त्यातून 1989 मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. पोलिसांनी त्याला नेलं आणि त्या वेळच्या कायद्याच्या आधाराने म्हापशाला क्षयरोगाच्या जुन्या इस्पितळात 64 दिवस एकटं कोंडून ठेवलं. आई न्यायालयात गेली. बाहेर आल्यावर त्याने अशा माणसांसाठी संस्था उभी केली, आणि 1992 मध्ये तो वारला. दोघी ऐकतच राहिल्या. हे म्हापशाला झालं? आपल्या म्हापशाला? त्यांच्या चार चौकटी आपोआप पडल्या: रक्त देणारा हात, दाराशी पोलीस, खिडकीचे गज, आणि चौथीत आज. वर्गात एका मुलाच्या शेजारी कुणी बसत नाही, आणि एक मुलगी आपला डबा घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसते. एकत्र जेवल्याने, शेजारी बसल्याने एचआयव्ही होत नाही, हे वाक्य त्यांना वेगळं लिहावं लागलं नाही. आपल्या जागेची गोष्ट आपल्यालाच पुरवावी लागते, बाहेरून येणाऱ्याला ती ठाऊक नसते.

नववीतल्या एका मुलीचं कॉमिक्स मी अजून अधूनमधून काढून बघते. विषय चवथीची गोळी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, आमच्याकडे वर्षाचा सण, सगळं कुटुंब मूळ घरी जमतं. त्या दिवसांत घरातल्या मुलीची पाळी आली तर तिला बाहेर बसावं लागतं, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली, जाता येत नाही, नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, हात लावता येत नाही. म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात. बायका घेतात आणि मुलींनाही देतात. बरेचदा डॉक्टरला न विचारता, शेजारणीने सांगितली ती. ही हार्मोनची गोळी आहे. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते, कुणाला चालेल आणि कुणाला नाही हे डॉक्टरनेच सांगायचं. आमच्या कुठल्याच धड्यात हा विषय नाही. कपाटातल्या त्या रंगीत पुस्तिकेतही नाही.

या मुलीने पहिल्या चौकटीत माटोळी काढली होती, नारळ, सुपारीचे घोस, काकडी, सगळं ओळखू येईल असं, आणि तिच्याकडे वर बघणारी मुलगी. दुसरीत आई तिच्या तळहातावर गोळी ठेवते. चेहरे नाहीतच, नुसते दोन हात, आईच्या हातात काचेच्या बांगड्या. तिसरीत मुलगी म्हणते, "आई, म्हाका ही गुळी नाका." चौथीत आई तिच्याशेजारी पायरीवर बसलेली. आईच्या फुग्यात एकच वाक्य होतं, मीपण तुझ्याएवढी होते तेव्हापासून घेते, मला कुणी विचारलं नाही, असं कोकणीत. एवढंच. आई गोळी परत घेते का, ते नाही. सर म्हणाले, शेवट स्पष्ट कर. ती म्हणाली, झालाय शेवट. ताईंनी सरांना खुणेने थांबवलं आणि ते बरं झालं. पाळीवर मी वर्गात बोलते, मुलींशी मोकळेपणाने बोलते असं मला वाटायचं. पण ही गोष्ट माझ्यासमोर कधी आली नव्हती. बोलून ती आलीच नसती. दोन हात काढून आली.

आता ती चुकलेली गोष्ट.

एका मुलाने वडिलांच्या दारूवर काढलं. आमच्या भागात यात काही वेगळं नाही. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत तर घराघरांत असतं. गोष्ट साधी होती. मुलगा रात्री बॅटरी घेऊन वडिलांना शोधायला जातो, कुत्रा बरोबर. "बाबा, घरा यो," असं दुसऱ्या चौकटीत आहे. चौथ्या चौकटीत त्याने काय काढलं होतं ते मला नंतर कळलं. सर त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, शेवट आशादायक हवा, बघणाऱ्याला काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. मुलाने खोडलं आणि वडील बाटली फोडताहेत असं काढलं. पेनाने गिरवून दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रशिक्षकांनी सात-आठ कॉमिक्स निवडली, झेरॉक्स केल्या आणि मुलांना घेऊन लावायला निघाले. बसथांबा, रेशनचं दुकान, पंचायतीची भिंत, दुधाची सोसायटी. पद्धतच तशी आहे, कॉमिक्स लोकांच्या नजरेला पडलं पाहिजे. मी त्या वेळी शाळेत हिशेब करत होते. निवडलेल्यांत त्या मुलाचंही होतं. त्याला विचारलं होतं का? विचारलं होतं म्हणे, सगळ्यांसमोर, आणि तो हो म्हणाला. दोन दिवस टाळ्या मिळालेला तेरा वर्षांचा मुलगा नाही म्हणेल कसा?

शहरात त्या चित्रातलं घर कुणीही ओळखलं नसतं. आमच्या गावात रात्रीपर्यंत सगळ्यांनी ओळखलं. त्याने आपलंच घर काढलं होतं, तुळशीवृंदावनाची मोडकी कड, दारापुढचा तिरका माड, ओसरीच्या खांबाला टांगलेली सायकलची ट्यूब.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे वडील शाळेत आले. पोस्टर चार घड्या घालून खिशात होतं. ओरडले नाहीत. टेबलावर ते उलगडून ठेवलं आणि म्हणाले, "टीचर, हें घर आमचें." मग थोडं थांबून, "हें कोणें कोणें पळयलां?" कुणी कुणी पाहिलं, याचं मला उत्तर देता आलं नाही. मी त्याच दुपारी शिपायाला घेऊन चारही ठिकाणची त्या मुलाची पोस्टरं काढून आणली. मुलगा पुढचे चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेले. आईने चहा दिला, मुलगा मागच्या दारी लाकडं रचत होता, माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी त्याची माफी मागितली. त्याच्या वडिलांचीही मागितली.

त्या पोस्टरची मूळ प्रत, पेनाने काढलेली, माझ्याकडे होती. एकदा रात्री दिव्याखाली धरली तेव्हा चौथ्या चौकटीत खोडलेलं चित्र दिसलं. पेन्सिलचा दाब कागदात राहतो. बाटली फोडणाऱ्या वडिलांच्या खाली पायरीवर बसलेला मुलगा, कुत्र्याच्या पाठीवर हात, बॅटरी विझलेली. त्याला आपल्या घरचं एवढंच सांगायचं होतं. आपण त्याच्याकडून वडिलांची बाटली फोडून घेतली. घरी ती फुटलेली नव्हती.

संस्थेला मी सविस्तर पत्र लिहिलं. ताईंचा फोन आला. त्यांनी काही सारवासारव केली नाही, चूक मान्य केली. सरांचं उत्तर आलं नाही. कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी पाठपुरावा करू असं आधी म्हणाले होते, तो अजून झालेला नाही.

त्या मुलाशी नंतर आमच्या शाळेत येणाऱ्या समुपदेशक ताई बोलत राहिल्या, दर आठवड्याला. त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली ती फार उपयोगी पडली. आपल्या पर्वरीच्या संगथ या संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत सुमारे 250 मुलांवर एक अभ्यास केला, 2020 मध्ये तो छापून आला. अडचणीतून वाट कशी काढायची हे सांगणाऱ्या छापील पुस्तिका निम्म्या मुलांना नुसत्या दिल्या, आणि निम्म्यांना पुस्तिकांबरोबर एक प्रशिक्षित माणूस दिला, डॉक्टर नव्हे, साधा समुपदेशक. सहा आठवड्यांनी ज्यांच्याजवळ माणूस बसला होता त्यांच्या अडचणींचा भार जास्त कमी झालेला दिसला. आमच्याकडेही कॉमिक्सने दार उघडलं, पण उघडलेल्या दारात उभं राहणारं कुणीच आम्ही ठरवलं नव्हतं.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, बोलवा. जरूर बोलवा. पण पैसे भरण्याआधी त्यांच्याशी हे बोलून घ्या. कुठलंही कॉमिक्स शाळेबाहेर लावायचं की नाही, ते त्या दिवशी ठरवायचं नाही. आठ दिवस जाऊ द्यायचे, मुलाला एकट्याला, घरी विचारून यायला वेळ देऊन विचारायचं, आणि कुठे लावायचं ते त्यानेच सांगायचं. घरातल्या माणसांवरची गोष्ट असेल तर घर, अंगण, गाडी, कपडे बदलून काढायला आधीच शिकवायचं. शेवट मुलाचा. आशा नसेल तर नसू दे. समुपदेशक ज्या दिवशी शाळेत येतात त्याच्या आदल्या दोन दिवशी कार्यशाळा ठेवा, म्हणजे जे वर येईल ते लगेच कुणाच्या तरी हातात पडेल. एखाद्या चित्रात मारहाण किंवा नको तो स्पर्श दिसला तर काय करायचं, कुणी करायचं, हे मुख्याध्यापकांशी बसून लिहून ठेवा. गोव्यात मुलांसाठीचा वेगळा कायदा 2003 पासून आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही दिवस लिहिलेला असू दे. आमच्या फळ्यावर तो नव्हता.

आणि काजूच्या आधी घ्या. डिसेंबर-जानेवारी उत्तम. आमच्याकडे फेब्रुवारीनंतर अर्धा वर्ग सकाळी डोंगरावर असतो.

माकडतापाचं ते आजीचं पोस्टर अजून रेशनच्या दुकानात आहे, दुकानदाराने स्वतः त्याला प्लास्टिक लावलं. यंदाच्या काजूत मी त्या मुलाला आणि त्याच्या आजीला बूट घालून जाताना पाहिलं. बाकी किती जणांनी घातले ते मी मोजलेलं नाही, पण न्हाणीतल्या गरम पाण्यावरून घराघरांत बोलणं झालं हे मुलांनीच सांगितलं. दारूचं कॉमिक्स काढणारा मुलगा आता नववीत आहे. मूळ प्रत मी त्याला परत दिली. त्याने ती काय केली ते मी विचारलं नाही.

चवथीच्या गोळीचं कॉमिक्स त्या वेळी कुठेच लावलं नव्हतं. ती मुलगी आता दहावीत आहे. परवा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, टीचर, चवथ जवळ आली, आता लावूया. कुठे, म्हणून विचारलं. तिने विचार करून ठेवला होता. अंगणवाडीच्या आतल्या भिंतीवर, जिथे पोरांना न्यायला आलेल्या आया बसतात तिथे. पंचायतीत नको, देवळाजवळ नको. आईला दाखवलंस? दाखवलं म्हणाली, आई काही बोलली नाही, पण माटोळीत मी कणगलां काढायची विसरले होते ते तिने सांगितलं. तिने ती काढून आणली होती, सुपारीच्या घोसाशेजारी, काळ्या पेनाने. तिला बारा प्रती हव्यात. शनिवारी वाळपईला जाणार आहे, तेव्हा काढून आणते.